पाहुण्यांची बाथरूम

ते दिसलं रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळी. चांगलं अंगठ्याएवढं, तांबूस, लांब मिशांचं झुरळ. हॉलमधल्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सवरून ते इतक्या निवांतपणे चाललं होतं, की घर त्याच्याच नावावर आहे असं वाटावं.

नीलांबरी किंचाळून सोफ्यावर चढली. तिचा नवरा संजय, प्लेट खाली ठेवू की चप्पल शोधू या घोळात पोहे सांडून बसला, आणि चप्पल सापडली नाही ती नाहीच. आठ वर्षांची अनिका 'ओ माय गॉड, इट्स ह्यूज!' म्हणत उलट जवळ धावली. शेवटी संजयची आई, अहिल्याबाई उठल्या, पायातली सपात काढली आणि एका फटक्यात विषय मिटवला.

"पेरिप्लॅनेटा अमेरिकाना," सपात झटकत त्या म्हणाल्या.

सवयच ती. उभा जन्म नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवलेली बाई. झुरळ दिसलं की तोंडातून आधी नाव निघणार, मग शिवी. बारावीच्या किती पोरांनी त्यांच्या देखरेखीखाली मेणाच्या ट्रेमध्ये झुरळं टाचून उघडली होती, त्याला गणती नाही. मग बाई रिटायर झाल्या, मागोमाग नवरा गेला, आणि लेकानं धोशा लावला म्हणून दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात त्या ॲरिझोनात, चँडलरला येऊन थडकल्या. नागपूरच्या उन्हाळ्यातून चँडलरच्या उन्हाळ्यात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्यांच्या लॅटिनला कुणी हसलं नाही. नीलांबरी सोफ्यावरून उतरली, टिश्यू पेपरचा हा एवढा बोळा करून तिनं ते कलेवर उचललं आणि बाहेरच्या डब्यात टाकून आली. मग ओटा पुसता पुसता म्हणाली, "वर्ष झालं आपल्याला या घरात येऊन. एकदासुद्धा झुरळ दिसलं नव्हतं हो."

एवढंच. 'तुम्ही यायच्या आधी' असं काही ती म्हणाली नाही. पण काही वाक्यांना शेपूट असतं, आणि ते बरोबर ज्याच्यावर पडायचं त्याच्यावर पडतं. अहिल्याबाईंचा घास तोंडातच फिरला.

कारण त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

त्यांच्या दोन बॅगा नागपूरच्या घरी माळ्यावर किती तरी वर्षं पडून होत्या. निघताना त्या काढल्या, झटकल्या, त्यात समई जुन्या पेपरात गुंडाळून घातली, काळा मसाला, सांडगे, कुरडया, सगळं भरलं. एखादी मादी त्यात शिरली असेल तर? मादी कशाला, नुसती अंडपेटी पुरे. वालाच्या दाण्याएवढी तपकिरी डबी ती, पण एकेका डबीत डझनावर पिल्लं. हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. शिकवलेलं असं परक्या देशात येऊन अंगावर उलटेल, हे मात्र कोणत्याच सिलॅबसमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई आंघोळ करून खोलीत आल्या, तर बॅगा गायब. शोधलं तेव्हा गॅरेजमध्ये सापडल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, गाडीच्या पलीकडे ठेवलेल्या. मसाल्याचे डबे झिपलॉकच्या पिशव्यांत बंद होऊन फ्रीझरमध्ये गेलेले. देवघरातली समईसुद्धा उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लख्ख. नीलांबरी ऑफिसला निघून गेली होती. तिनं बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, बाप्पा?

तशी पोरगी वाईट नव्हती, हे अहिल्याबाईंनाही कबूल होतं. पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली, शिस्तीची. आईविना वाढलेली, त्यामुळे घर कसं ठेवायचं ते सगळं स्वतःच्या हिमतीवर शिकलेली. हे घर तिनं कॅटलॉग बघून बघून सजवलं होतं. आणि त्यातही तिचा जीव की प्राण म्हणजे पाहुण्यांची बाथरूम. पहिल्याच दिवशी तिनं सासूबाईंना ती दाखवली होती. शिंपल्यांच्या आकाराचे साबण, रिबिनीनं बांधलेले मोतिया रंगाचे टॉवेल, कोपऱ्यात सुकलेल्या फुलांची परडी. शॉवरला काच अशी, की आहे की नाही कळू नये.

"वा! मी इथं आंघोळ करायची का?" बाईंनी विचारलं होतं.

"इथे?" नीलांबरी दचकलीच. मग हसून म्हणाली, "ही पाहुण्यांची हो, आई. तुम्ही काय पाहुण्या आहात का? तुम्ही घरच्या."

असं गोड बोलून त्यांची रवानगी अनिकाच्या बाथरूममध्ये झाली. तिथं गुडघ्याएवढ्या उंचीचा टब आणि त्यात रबरी बदकांचा कळप. रोज सकाळी टबाच्या काठावरून पाय उचलून आत टाकताना अहिल्याबाई देवाचं नाव घेत. आणि पाहुण्यांची बाथरूम मात्र बंद. अनिकाला सक्त मनाई, संजयला मनाई. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी झाकून ठेवायची आणि आपण चिरकी कपबशी वापरायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खोड. ती सातासमुद्रापारही सुटत नाही. यांनी फक्त कपबशीच्या जागी अख्खी बाथरूम झाकून ठेवली होती.

झुरळं काही थांबली नाहीत. एक लाँड्रीत निघालं. एक अनिकाच्या दप्तराखाली. पेस्ट कंट्रोलवाला येऊन फवारून गेला, त्यानंतर एक हॉलमध्ये उताणं पडून पाय झाडताना दिसलं. नीलांबरीचं डोकं फिरायची वेळ आली. कारण जूनच्या शेवटच्या शनिवारी वास्तुशांत होती. घर घेऊन वर्ष झालं होतं, पण 'आई आली की करू' म्हणून थांबले होते. आता अवघं मराठी मंडळ जेवायला येणार होतं.

"एक जरी निघालं ना त्या दिवशी, तर चँडलरभर होईल," ती रोज ऑफिसातून आल्या आल्या म्हणे, आणि ओटा घासायला घेई. स्वच्छ ओटा पुन्हा घासणाऱ्या त्या पोरीचे हात लाल झालेले बघून अहिल्याबाईंना तिची दया येई. आणि त्याच वेळी रागही येई. दोन्ही एकदम येत, त्यामुळे त्या धड धीर देत नव्हत्या, धड भांडत नव्हत्या.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्या गॅरेजमध्ये गेल्या. आत भट्टी पेटलेली. बॅगांचं प्लास्टिक सोडवून त्यांनी कप्पान्‌कप्पा उलटा केला, शिवणीतून हेअरपिन फिरवली, चष्मा पुसून पुसून बघितलं. अंडपेटी नाही, लेंडी नाही, एक मिशीसुद्धा नाही. पण गुन्हेगार पळून गेला म्हणजे गुन्हा झालाच नाही असं थोडंच असतं? घामानं निथळत त्या परत आल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. लेकाच्या नव्या घरात आपण कीड घेऊन आलो, हा विचार काही केल्या जाईना.

संध्याकाळी त्यांनी संजयला गाठलं. "माझं दिवाळीपर्यंतचं तिकीट आहे न, ते अलीकडचं करून दे."

"का गं? ग्रीन कार्डचे पेपर्स फाइल करायचेत आपल्याला. तू कायमची राहणार असं ठरलंय ना?"

"ठरलं नव्हतं. राहून बघते म्हटलं होतं. बघितलं."

"आई, झालंय काय पण?"

"काही नाही. करमत नाही." जगातल्या समस्त आयांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेलं कारण त्यांनीही पुढं केलं. संजय बिचारा चिप्स बनवणारा इंजिनिअर. आईच्या आणि बायकोच्या मधलं काहीच त्याला दिसत नसे, आणि दिसलंच तर तो चष्मा काढून ठेवी. त्यानं एजंटला फोन केला. जुलैच्या सुरुवातीची एक सीट आहे, वास्तुशांतीनंतरच्या सोमवारपर्यंत काय ते नक्की सांगा, असं उत्तर आलं.

त्या सोमवारच्या विचारानं बाईंचा जीव हलका व्हायला हवा होता. उलट भडका उडाला. जायचं तर जाऊ, म्हटलं, पण तोंड काळं करून का म्हणून? आयुष्य झुरळात गेलं, आणि एक झुरळ कुठून आलं ते आपल्याला सांगता येऊ नये? खरं म्हणजे त्यांची गोची तिथंच होती. मेलेलं झुरळ त्यांना पाठ होतं. त्याचं जठर कुठं, चेतारज्जू कुठं, झोपेत विचारा. जिवंत झुरळाशी मात्र त्यांचा संबंध आजवर फक्त सपातेपुरता आला होता. ते राहतं कुठं, निघतं कधी, जातं कुणीकडं, हे बघायला कधी सवडच दिली नव्हती त्याला.

मग दिली.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीला त्यांनी रांगोळीचा डबा काढला. भारतातून आणलेली पांढरी, पिठासारखी रांगोळी. स्वयंपाकघराच्या दारात, गॅरेजच्या दारात, मागच्या दारात, लाँड्रीच्या, स्वतःच्या खोलीच्या, सगळ्या उंबऱ्यांपाशी त्यांनी चाळणीनं तिचा पातळ पट्टा मारला. अमेरिकेतल्या घराला उंबरे नसतात, तेव्हा दारं जिथं टेकतात तिथं.

"हे काय, आई?" नीलांबरीनं व्हॅक्यूम क्लीनरकडे बघत विचारलं.

"वास्तुशांतीआधी दारोदार रांगोळी असावी," बाईंनी बेधडक ठोकून दिलं. "उद्या सकाळपर्यंत पुसू नको. आणि कुणी ओलांडायचं झालं तर ढांग टाकून."

"फूलबील तरी काढा त्यात. नुसते पट्टे?"

"आमच्याकडे पट्टेच असतात." नागपूरकडं काय असतं नि काय नसतं, हे पुण्याच्या माणसाला कधीच माहीत नसतं, याचा बाईंनी मनसोक्त फायदा घेतला.

सकाळी उठल्या उठल्या, चहाही न घेता त्या पाहणीला निघाल्या. गॅरेजच्या दारातला पट्टा जसाच्या तसा. त्यांना हायसं वाटलं, पण एवढ्यानं हुरळून जायचं नाही म्हणून त्या पुढं सरकल्या. स्वयंपाकघर, जसंच्या तसं. त्यांची खोली, मागचं दार, लाँड्री, कुठं काही नाही. आणि मग त्या पाहुण्यांच्या बाथरूमशी आल्या.

दाराखालच्या फटीतून बारीक टिंबांच्या रांगा बाहेर आल्या होत्या. दोन्ही बाजूंना पायांची टिंबं, मधे पोट घासत गेल्याची रेघ. एक रांग हॉलकडे वळली होती, एक अनिकाच्या खोलीकडे, आणि एक भल्या पहाटे हवा खाऊन घरी परतली होती. अहिल्याबाई तिथंच फतकल मारून बसल्या. त्यांना हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी नाही आणलं, त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी नाही आणलं गं बाई.

"नीलांबरी! संजय! अने!"

सगळे धावत आले. अनिका गुडघ्यांवर बसून टिंबं बघायला लागली. "आजी, दे लिव्ह इन देअर? इन द फॅन्सी वन?"

"काहीतरीच काय," नीलांबरीचा चेहरा पडला. "घरातली सगळ्यात क्लीन रूम आहे ती. कुणी पाऊलसुद्धा टाकत नाही तिथे!"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "दार उघड."

दार उघडलं. सुकलेल्या फुलांच्या वासाखालून दुसरा एक वास आला. नागपूरला मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन परत आलं, कुलूप काढलं, की मोरीतून जो येतो तो. त्या एका वासासरशी बाईंना सगळं लख्ख समजलं. आणि इतके दिवस कसं समजलं नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गावाहून आलं की त्यांची सासू चपला काढायच्या आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतायची. का ओततात, हे ना तिनं कधी सांगितलं ना यांनी विचारलं.

"अने, पाणी आण. भांडंभर."

त्यांनी शॉवरच्या जाळीत पाणी ओतलं. खाली कुठं तरी खोल, तहानलेल्या घशासारखा घटघट आवाज झाला. आणखी ओतलं. मग बेसिनमध्ये. संजय इंजिनिअर होता, आवाज ऐकताच त्याचा चेहरा बदलला. "ओह शिट. ट्रॅप ड्राय झालाय!"

"हां. पाइपाला खाली वाकडं वळण असतं," बाई सुनेला समजावू लागल्या, आणि त्यांचा आवाज आपसूक वर्गातला झाला. "त्यात पाणी साचून राहतं. तेवढं पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यामधलं दार. आंघोळ केली, हात धुतले, की दार आपोआप लागतं. तू वर्षभर इथं थेंब सांडू दिला नाहीस. त्यात ही तुमची कोरडी हवा. पाणी गेलं उडून, दार सताड उघडं. बाहेर उन्हाची काहिली, त्यांना हवी ओल. आली पाइपातून वर."

"पण मग… मला वाटलं की…" नीलांबरी म्हणाली.

"मलाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या. "सामानातून येतं न, ते बहुधा लहान झुरळ असतं. पाठीवर दोन काळ्या रेघांचं, फडताळाच्या फटीत राहणारं. स्वयंपाकघर घाण असलं की वाढतं ते. हे मोठं, ढालीवर पिवळी कड असलेलं. हे मूळचं गटारातलं. तुझा ओटा किती का चकचकीत असेना, याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. उगीच हात सोलून घेतलेस, वेडाबाई."

नीलांबरीनं आपल्या लाल झालेल्या हातांकडे बघितलं. मग ती वळली आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

अहिल्याबाईंनी रिकामं भांडं ओट्यावर नेऊन ठेवलं. चोर सापडला होता, कलंक धुतला गेला होता, पण बॅगा होत्या तिथंच होत्या. त्यांना आत्ता कळलं, की त्यांना लागलं होतं ते झुरळाचं नव्हतंच. आपल्याच माणसाच्या घरात आपलं सामान गॅरेजमध्ये जातं, तेव्हा आपणही अर्धे गॅरेजमध्येच असतो, हे लागलं होतं. संजयनं संध्याकाळी भीत भीत विचारलं, "मग एजंटला काय सांगू?" तर त्या म्हणाल्या, "सोमवार आहे न अजून."

शनिवारी घर माणसांनी फुलून गेलं. दाराबाहेर चपलांचा डोंगर. गुरुजी म्हणजे नरेंद्र, एरवी एका बँकेत डेटाबेस सांभाळणारा माणूस, पण सोवळं नेसला की ओळखू येत नसे. होमाच्या धुरानं स्मोक अलार्म वाजला, मग दोघंजण त्याखाली पेपरनं वारा घालत उभे राहिले. त्यांचा हात थांबला की अलार्म मंत्रात मंत्र मिसळे. अहिल्याबाई पहाटेपासून साटोऱ्या तळण्यात, जेवणाच्या देखरेखीत गुंतल्या होत्या. घरात इकडे तिकडे बघायला त्यांना उसंत नव्हती.

पूर्णाहुती झाली, आणि तेव्हाच ते निघालं.

पाणी ओतायच्या आधी बाहेर पडलेलं आणि परतीचं दार बंद झालेलं एखादं चुकार झुरळ असावं. धुरानं कासावीस होऊन ते सोफ्याखालून आलं आणि नेमकं पद्मिनीच्या पायाशी थांबलं. पद्मिनी म्हणजे मंडळाची सेक्रेटरी. तिच्या कानावर गेलं ते मिशिगनमधल्या नोव्हायपासून पार मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीपर्यंत गेलं, अशी तिची ख्याती. ती ओरडली. अख्खा हॉल वळला. नीलांबरी हातात तीर्थाची पळी घेऊन पांढरीफटक उभी होती, आणि अहिल्याबाईंना वाटलं की ही आता रडणार.

तिथं बाईंमधली मास्तरीण जागी झाली. जवळच्या ताटातली वाटी उचलून त्यांनी झुरळावर पालथी घातली, खालून पत्रिकेचा पुठ्ठा सरकवला आणि सगळं उचलून ठणठणीत आवाजात विचारलं, "इथं सायन्सवाले किती जण आहेत? हात वर!"

जवळजवळ सगळे हात वर झाले. अमेरिकेत आलेली मराठी माणसं ती, दुसरं काय असणार!

"नाव सांगा याचं."

"पेरिप्लॅनेटा अमेरिकाना!" पंधरावीस गळ्यांतून एकदम आलं, आणि पाठोपाठ हशा. "मॅडम, माझी जर्नल त्यातच गेली होती!" "आमच्या लॅबमध्ये एक टाचण्यांसकट पळालं होतं!" कुणाला काय, कुणाला काय आठवायला लागलं. त्या गलक्यात पद्मिनी सावकाश जवळ आली, वाटीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, आमच्याकडेपण आहेत हो. मागच्या महिन्यापासून. मी कुणाला बोलले नाही."

"आमच्याकडेही," मागून कुणी तरी म्हणालं.

"मला वाटलं सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीतून आली."

"मी तर तीनदा पॅन्ट्री रिकामी केली!"

बघता बघता बायकांचा घोळका बाईंभोवती जमला. ज्याच्या त्याच्या घरी होती, आणि जो तो आपलंच स्वयंपाकघर घाण म्हणून तोंड शिवून बसला होता. अहिल्याबाईंनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: "घरात न वापरलेली बाथरूम कोणती?" आणि एकेकीचा चेहरा असा काही झाला, की पुढं सांगायची गरजच उरली नाही.

जेवणं झाल्यावर पद्मिनीनं टाळी वाजवली. "चला, आता हाउस टूर!" नवं घर म्हटलं की पाहुण्यांना कपाटांसकट दाखवायचं, ही इकडची रीतच. नीलांबरी पुढं, मागं वरात. अहिल्याबाईही हात पुसत मागं निघाल्या. मास्टर बेडरूम झाली, ऑफिस झालं, अनिकाची खोली झाली. मग बाईंची खोली आली. नीलांबरीनं दार उघडलं आणि बाई जागीच थबकल्या. त्यांच्या दोन्ही बॅगा तिथं होत्या, कपाटाशेजारी, पुसूनबिसून उभ्या केलेल्या. सकाळी बाई खोलीतून बाहेर पडल्या तेव्हा त्या तिथं नव्हत्या.

वरात पुढं सरकली. पाहुण्यांच्या बाथरूमचं दार उघडलं.

शिंपल्यांचे साबण नव्हते. परडी नव्हती. रिबिनीही गेल्या होत्या. शॉवरमध्ये एक नवी कोरी बादली आणि तिच्यावर मग होता, आणि बाजूला बसायला एक बुटकं स्टूल. काचेच्या फळीवर बाईंचा चंदनाचा साबण, त्यांचं दंतमंजन, डोक्याच्या तेलाची बाटली. दांडीवर त्यांचा पंचा. मोतिया रंगाच्या टॉवेलाशेजारी तो फारच मळखाऊ दिसत होता, पण ऐटीत लोंबत होता.

"ही आमच्या आईंची बाथरूम," नीलांबरी म्हणाली. मग तिनं सासूकडे वळून, सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, मी तुमच्या बॅगा बाहेर नको होत्या ठेवायला. चुकलंच माझं."

बाईंनी तिचा लाल हात नुसता धरला आणि थोपटला. कॉलेजात पोरं रडायला लागली की त्या असंच करायच्या, पण या वेळी रडत कोण होतं ते सांगणं अवघड होतं.

पद्मिनीला कुठं थांबायचं ते कधीच कळलं नाही. "अगं, पण मग पाहुण्यांची बाथरूम कुठली?"

"पाहुणे अनिकाची वापरतील," नीलांबरी डोळे पुसत म्हणाली. "टब जरा उंच आहे. आणि बदकं आहेत, सांभाळून घ्या."

हसण्याच्या गदारोळात अहिल्याबाई पदर सावरत मागं वळल्या. संजय दारातच होता. चष्मा आज त्याच्या डोळ्यांवर होता, आणि ओला होता.

"त्या एजंटला सोमवारी फोन कर," त्या त्याला म्हणाल्या. "म्हणावं, बाईंना नाही जाता येत. मोरी सुकते."